बुटांचे अकरा जोड

चौकी,
सोमवार, दुपार

प्रिय शेंडेफळा,

शेंडेफळ म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. चाळिशी उलटली, दाढीत पांढरं आलं, कागदावर नावाखाली 'संस्थापक' छापून येतं, आणि ताई अजून शेंडेफळच म्हणते. गेल्या पंधरा दिवसांत तुला हाक मारायला मला आणखीही काही शब्द सुचले होते. ते लिहिण्यासारखे नाहीत, म्हणून हाच बरा.

तुझं पत्र पोचलं. तीन पानं, जाड कागद, वर हिरव्या पानाचं चित्र. कागद रद्दीच्या लगद्यापासून बनवलाय हेही खाली बारीक अक्षरात लिहिलंय, म्हणजे तुझा चांगुलपणा नजरेतून सुटायला नको. सुरुवात 'आदरणीय' अशी. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा दोन दिवस येऊन गेलास. त्यानंतर भावाचं पहिलं पत्र येतं आणि त्यात मी आदरणीय! मी पाकीट उलटून बघितलं, दुसऱ्या कुणा बाईचं तर नाही ना. तुझी मागणी तीन गोष्टींची आहे. डोहाकडची वरची वाट पुन्हा उघडायला जंगलाच्या चौकीची, म्हणजे माझी सही हवी. त्या वाटेला बाबांचं नाव देऊन पायथ्याशी काचेच्या पेटीत त्यांचे बूट ठेवायचेत, ते पाठवायचे. आणि बाबांबद्दल चार ओळी लिहून द्यायच्या, मनाला भिडतील अशा. तिन्हींची उत्तरं देते, पण माझ्या पद्धतीनं आणि माझ्या वेळानं. तुला घाई असेल तर पत्र खिशात ठेव, विमानात वाच.

आधी इकडची खबर. छपराचा पत्रा नवा आला, गळती मात्र जुनीच राहिली. माझा डावा गुडघा चढाला कुरकुरतो आणि उताराला सरळ शिव्या देतो. खालच्या वाटेवर माणसं वाढलीत. सगळी जबाबदार, बरं का. बाटली स्टीलची, दात घासायचा ब्रश लाकडी, टोपीवर पक्ष्याचं चित्र, आणि झुडपामागे ओले कागदी रुमाल. मी ते चिमट्यानं उचलत फिरते. वळणाची वाट सोडून सरळ खाली उतरायची लोकांना भारी हौस, तिथे मी काटक्या रचते. दुसऱ्या दिवशी काटक्या बाजूला आणि माती ओघळलेली. मी परत रचते, ते परत काढतात, असा आमचा संसार चाललाय. चिखल दिसला की माणसं कडेनं जातात आणि वाट दर वर्षी हातभर रुंद होते. बूट चिखलासाठीच असतात, चिखलात घाला, असं बाबा ओरडायचे. मी ओरडत नाही, माझा आवाज बसलाय. तुझ्या संस्थेनं आणलेले लोक त्यातल्या त्यात शहाणे, हे कबूल करते. एका रांगेत चालतात, हळू बोलतात, दगड उलटे करत नाहीत, फळांची सालंसुद्धा परत नेतात. शिकवलंयस चांगलं. तेच तर सलतं.

बूट धुण्याची हकिकत तू आता मोठमोठ्या सभागृहांतून सांगतोस असं ऐकते. सांगून सांगून तू ती फार गुळगुळीत केली असशील, म्हणून खरी कशी होती ते लिहिते. फाटकाशी लाकडी बाक आणि बाकासमोर दोन घमेली. आधी बोथट सुरीनं तळव्याच्या खाचांतला चिखल काढायचा, मग ब्रश, मग पहिल्या घमेल्यातलं साधं पाणी, मग दुसऱ्यातलं औषधाचं. त्या दुसऱ्यात बूट बुडवून तीनशे आकडे होईपर्यंत उभं राहायचं आणि बाबा मोठ्यानं मोजायचे. कुणी हुशारी करून पाय मधेच बाहेर काढला की पुन्हा एकपासून. ते न्यायाधीश आठवतात? तीनदा पाय काढला आणि तीनदा एकपासून सुरुवात झाली. चिडून म्हणाले, मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला? बाबा म्हणाले, हो साहेब, बेचाळीस, त्रेचाळीस. लोक त्यांना मागून बूटपुशे म्हणायचे. बाबांना ते कळलं तेव्हा त्यांनी घरी येऊन आपल्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

आणि ती कुंडी. बुटांतून निघालेला चिखल बाबा फेकून द्यायचे नाहीत. चौकीतल्या खिडकीत कुंडी होती, तिच्यात घालायचे आणि वर घोटभर पाणी. महिनाभरात तिच्यात नाही नाही ते उगवायचं. काटेरी, चिकट, निळसर, कुठल्या कुठल्या मुलखातलं तण. फुलं यायच्या आत बाबा ते उपटून चुलीत घालायचे, पण त्याआधी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे, की बघा, हे पाहुणे तुमच्या तळव्याला चिकटून आले होते. आई गेल्यानंतर आपण तिघंच उरलो, पण ती कुंडी धरून घरात चौथं कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. तिला तू नावसुद्धा द्यायचास, दर महिन्याला नवीन.

एवढी सगळी उठाठेव होती ती वरच्या डोहातल्या टिचक्यांसाठी. त्यांचं पुस्तकातलं लांबलचक नाव बाबांना कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून आपल्या घरात ते टिचके. अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक, साऱ्या जगात फक्त या ओढ्यात सापडणारा. काचेच्या पेल्यावर नखानं टिचकी मारावी तसा आवाज. आधी तीन, मग दम, मग एक. तू सहा वर्षांचा असताना टाळूला जीभ लावून तो आवाज काढलास आणि दगडाखालून उत्तर आलं. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. मी तेव्हा चौदा वर्षांची. महिनाभर आरशासमोर जीभ वाकडी करून बघितली, पण माझ्या तोंडून कोंबड्यांना दाणे टाकताना काढतात तसलाच आवाज निघाला. बाबांनाही तो जमायचा नाही. तुलाच जमायचा. पण बाबांनी तुला नियम घालून दिला होता. एका पावसाळ्यात एकदाच, आणि उत्तर आलं की गप्प. बिचाऱ्याला वाटतं खरंच कुणी आलंय, त्याला किती फसवायचं, म्हणायचे.

नऊ वर्षांपूर्वीचा मंगळवार आता लिहायला घेते. पेन दोनदा खाली ठेवलं, म्हणून या ओळीची शाई वेगळी दिसेल. बाबांची दाढ सुजून गालाचा भोपळा झाला होता. मी त्यांना जीपमधून गावात दंतवैद्याकडे नेलं आणि चौकी तुझ्यावर सोपवली. तू बत्तीस वर्षांचा होतास, सहायक म्हणून सात वर्षं काढलेला, आणि कंटाळलेला. यायला उशीर झाला तर काय करायचं ते मी जाताना सांगत होते आणि तू हात जोडून म्हणालास, ताई, मला चड्डी घालता येते. त्या दिवशी एका मोठ्या पर्यटन कंपनीचे अकरा वाटाडे आले. नोंदवहीत 'आधी कुठे होतात' हा रकाना आहे ना, त्यात तू तुझ्या सुबक अक्षरात अकरा वेळा पलीकडच्या डोंगररांगेचं नाव लिहिलंयस. त्या रांगेतल्या ओढ्यांत दोन वर्षांपासून बुरशीनं बेडूक मरत होते. ओल्या चिखलातून ती बुरशी बुटाबरोबर जाते, अशी सूचना आपल्या फाटकावर लावलेली होती, आणि ती सूचना तुझ्याच हातची होती. त्यापुढचा रकाना बूट धुतले की नाही, याचा. तिथेही अकरा वेळा तेच सुबक अक्षर. धुतले, धुतले, धुतले.

बुधवार टिचके मोजायचा. बाबा दाढेच्या गोळ्यांच्या गुंगीत पहाटेच उठून एकटे डोहावर गेले. मी झोपले होते, तूही झोपला होतास. बाबा स्वतःलाही नोंदवहीत पाहुण्यासारखंच लिहायचे. त्या दिवशी त्यांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि पुढचा रकाना कोरा राहिला.

पाचव्या आठवड्यात डोहाच्या काठी पहिले मेलेले सापडले, उताणे, पाय फाकलेले. बाबांनी पानाच्या द्रोणात चौतीस उचलले. त्यानंतर मोजायला काही उरलं नाही. बेडकांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक बाई आल्या, नमुने घेऊन गेल्या आणि बुरशीच निघाली. कुणाच्या बुटावरून आली ते कुणीच सांगू शकणार नाही, पक्ष्याच्या पायावरूनही येऊ शकते, असं त्या दहा वेळा म्हणाल्या. पण चौकशीला आलेल्या साहेबांनी नोंदवही उघडली आणि त्यांना दोन महिन्यांच्या पानांत एकच कोरा रकाना सापडला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, त्या दिवशी तुम्ही बूट धुतले होते का? बाबा म्हणाले, आठवत नाही. तू शेजारीच उभा होतास, साहेबांसाठी आणलेला चहाचा कप हातात धरून.

बाबांची नोकरी गेली नाही. त्यांनी आपण होऊनच किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पुढची चार वर्षं फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. वरची वाट बंद झाली ती तेव्हाच. आपल्या बुटांतला चिखल त्यांनी एकदा कुंडीत घालून बघितला. काही उगवलं नाही. मला वाटलं, चला, जरा तरी बरं वाटेल त्यांना. तर म्हणाले, बुरशी थोडीच कुंडीत दिसते! तू गेल्यावर सुरू झालं ते तुला मी कधी कळवलं नाही. रोज सकाळी ते बूट घेऊन बाकावर बसायचे. सुरी, ब्रश, पहिलं घमेलं, दुसरं घमेलं, तीनशे आकडे. मग उन्हात वाळवून खिळ्याला टांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुठेही न गेलेले बूट! एकदा माझा तोल सुटला आणि मी ओरडले, की बाबा, कशासाठी हे? तर म्हणाले, आज धुतले होते एवढं तरी उद्या आठवेल.

फोटोचं तू विसरला असशील असं मला वाटत नाही. बेडूक गेल्यानंतर महिन्याभरानं चौकीच्या पत्त्यावर पाकीट आलं आणि नशीब माझं की ते मीच उघडलं. आपल्या बाकावर आणि बाकाच्या पायाशी बसलेली अकरा माणसं, सगळ्यांनी पाय कॅमेऱ्याकडे ताणलेले, बुटांचे अकरा जोड चिखलानं भरलेले. मागे भिंतीला आपली दोन्ही घमेली पालथी टेकवलेली. मधे तू, अंगठा वर करून हसतोयस. फोटोच्या पाठीवर तारीख, आणि लिहिलेलं की वरून येऊन पुढच्या गाडीला वेळेत पोचलो, फाटकावर आमचा वेळ वाचवल्याबद्दल खास आभार. मी तुला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि फोटो पुढे धरला. तू कारणं सांगायला लागलास. पावसानं अंधारून आलं होतं, त्यांना घाई होती, त्यांच्या साहेबांनी तुला नोकरीचं विचारलं होतं, एका दिवसानं असं काय होणार होतं, हे सगळं तू रडत रडत बोललास. मग माझा हात धरून म्हणालास, ताई, तू नको सांगूस, मी सांगतो बाबांना, माझ्या तोंडानं सांगू दे. मला ते खरं वाटलं. तू रडलास की मला सगळंच खरं वाटायचं, तुझ्या लहानपणापासून. महिनाअखेरीला तू त्याच नोकरीवर निघालास. फाटकाशी बाबांना घट्ट मिठी मारलीस तेव्हा मी मुद्दाम घमेली उचलायच्या निमित्तानं बाजूला झाले, म्हटलं आता सांगेल. तू म्हणालास, तब्येतीला जपा.

आता माझी बाजू. ती काही फार चांगली नाही. दर महिन्याला तुझा फोन यायचा आणि मी नळ बंद करून कान द्यायची. बाबा फोन ठेवून सांगायचे की त्याच्या हाताखाली आता वीस माणसं आहेत, की आता त्यानं स्वतःची संस्था काढली, की तिथेही तो बूट धुवायला लावतो सगळ्यांना. त्यांच्या तोंडावर जी काही टवटवी यायची ती त्या दिवसापुरतीच. बेडूक गेले, किल्ली गेली, आता पोरगाही काढून घेऊ का, असं वाटून माझी जीभ रेटायची नाही. चार वर्षं रेटली नाही. मी काही कुणी थोर नव्हते, मी भित्री होते. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, तुला आठवतं का गं, त्या बुधवारी मी बूट धुतले होते का? मी म्हणाले, बाबा, तुमच्यामुळे नाही झालं ते, नक्की नाही. नक्की कशावरून, असं त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही. नुसता माझा हात थोपटला, म्हणजे मी समजूत घालतेय हे त्यांना कळलं होतं. खरं बोलले आणि तेही खोटं ठरलं. याचा राग मी आधी स्वतःवर काढला, पुरून उरला तो तुझ्यासाठी ठेवलाय.

तो ठेवणीतला राग मी बहुधा तसाच घेऊन म्हातारी झाले असते. पण गेल्या महिन्यात एक चांगल्या मनाची बाई आली. घमेल्यात पाय घालून उभी राहिली आणि मी मोजायला लागले, तर म्हणाली, मला यामागची गोष्ट माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का? मी मोजत राहिले. तिनं फोन काढला आणि तुझं भाषण लावलं. तू काळ्या कपड्यांत, मागे आपल्या डोहाचं चित्र. आवाज खाली आणून तू सांगत होतास की माझे वडील आयुष्यभर दुसऱ्यांचे बूट धूत राहिले, आणि एका सकाळी, फक्त एका सकाळी, स्वतःचे धुवायला विसरले. एका माणसाचं एका सकाळचं विसरणं, आणि अख्खा डोह मुका झाला. मग तू थांबलास. किती वेळ थांबायचं ते तुला बरोबर ठाऊक आहे, तीन टिचक्यांनंतर घेतोस तेवढा दम. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाई डोळे पुसत होती. मी शंभरावर आले होते की दोनशेवर ते मला आठवेना, म्हणून तिला म्हटलं, माफ करा, पुन्हा एकपासून मोजते.

शेंडेफळा, न सांगणं मी समजू शकते, कारण मी स्वतः ते केलंय. घाबरणंही समजू शकते. पण तुला नक्की माहीत होतं की बूट कुणाचे धुतलेले नव्हते, अकरा जोड, आणि तरी तू त्या म्हाताऱ्याचा एक कोरा रकाना घेऊन व्यासपीठावर चढलास. आणि उतरून त्याच्या नावानं पाटी लावायला निघालास. कसं रे जमतं तुला?

तर तुझ्या तीन गोष्टी. सही देणार नाही. वरची वाट बंद राहील. वाटांचा निर्णय घेणाऱ्या समितीला मी तसं कळवलंय, कारणात लिहिलंय की वाट अजून कच्ची आहे, शेवाळ आत्ता कुठे धरतंय. हे खरंही आहे. बूट पाठवता येणार नाहीत. रोज औषधात बुडून बुडून शिवण सुटली, चामडं तडकलं, शेवटच्या वर्षी एकाचा तळवा हातात आला. चालून झिजलेले बूट लोकांना बघायला आवडतात, धुऊन धुऊन मेलेले तू काय म्हणून दाखवशील? आणि मनाला भिडतील अशा चार ओळी मागितल्यास, त्यांच्या जागी मी इतकी पानं लिहिलीत. त्यांतल्या हव्या त्या चार उचल.

एवढंच असतं तर मी हे पत्र टाकलं नसतं. नुसता नकार कळवायला एक कार्ड पुरलं असतं, आणि राग नऊ वर्षं सांभाळलाय तसा आणखी सांभाळला असता. लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या तीन बुधवारी मी गस्तीला वर गेले होते, बूट धुऊन, तीनशे मोजून. डोहापाशी नाही, दुसरीकडे एका ठिकाणी, कुठे ते इथे लिहीत नाही, मी काटक्या ठेवायला वाकले आणि दगडाखालून आवाज आला. तीन, मग दम, मग एक. मी तिथेच चिखलात बसले. पुढच्या बुधवारी पुन्हा, तीच जागा. या गेल्या बुधवारीही. एकच आहे. बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो, आणि त्याला उत्तर येत नाही. मी जिभेनं प्रयत्न केला तर तो घाबरून गप्प झाला. डब्याचं झाकण टिचकावून पाहिलं, तरी गप्पच. प्राध्यापक बाईंकडे जुन्या आवाजाची टेप आहे, पण ती मागायची तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं की समिती येईल, कॅमेरे येतील, तंबू येतील. नियमानं हे नोंदवहीत लिहायला हवं होतं. मी तो रकाना कोरा सोडलाय. आणखी वर कुठे दुसरा एखादा उरलाय का, तो उत्तर देतो का, हे कळायला हवं, आणि तशी हाक देणारं माणूस जगात एकच शिल्लक आहे. दुसरं कुणीही असतं तर मी तुझ्या दारात आले नसते. फोटो सोबत ठेवलाय, त्याची दुसरी प्रत नाही, म्हणजे ही धमकी आहे असं तुला वाटायला नको. फाड, नाहीतर जाळ, तुझं तू बघ. तू एकटा ये. हिरवा कागद नको, कॅमेरा नको, कुणाला सांगणं नको. आल्यावर त्या मंगळवारचं पान मी काढून ठेवलेलं असेल. तिथला 'धुतले' हा शब्द तुझ्या हातानं अकरा वेळा खोडायचा, कुणी बघणार नाही, फक्त मी. मग बूट काढून बाकावर बस. धुवायचे तू, मोजणार मी. पावसाचे अजून सहा आठवडे आहेत, त्यानंतर तो वर्षभर बोलत नाही, आणि पुढच्या वर्षी असेल की नाही मला माहीत नाही.

तुझीच,
दुसरी कुणाची होणार,
ताई